वजन उतरलं, कातडी राहिली: एका ऑपरेशनची आणि एका कलमाची पार्श्वभूमी

वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याच्या ऑपरेशनचा, म्हणजे बेरिअॅट्रिक सर्जरीचा खर्च आज आरोग्य विम्यातून मिळू शकतो. अटी कडक आहेत, पण वाट आहे. त्या ऑपरेशननंतर पन्नास-साठ किलो उतरतात आणि पोटाखाली, दंडाखाली, मांड्यांवर रिकामी कातडी लोंबत राहते. ती काढायला गेलं की क्लेमवर शेरा पडतो: कॉस्मेटिक. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन ऑपरेशन करून आलेल्या सोलापूरकरांवर पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचायची वेळ बहुधा तेव्हाच येते. हे 'कॉस्मेटिक' आलं कुठून, ते कुणाच्या सोयीचं आहे आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

नाक-कान जोडण्याचा आपला जुना वारसा सगळ्यांना ठाऊक आहे. या ऑपरेशनचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पोटावरची जादा कातडी आणि चरबी एका तुकड्यात कापून काढल्याची नोंद फ्रान्समध्ये १८९० ची आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका स्त्रीरोगतज्ज्ञानं एका बाईच्या पोटावरचा लोंबणाऱ्या कातडी-चरबीचा सुमारे ७ किलोचा पडदा आडवा छेद घेऊन काढला. या बाईला सुंदर दिसायचं नव्हतं. तिला चालणं-वागणं जड झालं होतं. पुढची काही दशकं हे ऑपरेशन बहुतांशी असंच चाललं: हर्निया दुरुस्त करताना आड येणारी चरबी काढायची, सडणारी घडी काढायची, माणसाला उठतं-बसतं करायचं.

वळण आलं विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५७ मध्ये बेंबी सोडवून घेऊन ताणलेल्या कातडीत नव्या जागी बसवण्याची पद्धत छापून आली. १९६० च्या दशकात ब्राझीलच्या सर्जननी व्रण इतका खाली नेला की तो आतल्या कपड्यांत झाकला जावा. सुटलेले स्नायू आतून शिवून कंबर घट्ट करणं त्याच सुमारास रुळलं. सत्तरच्या दशकात इटली आणि फ्रान्समधून चरबी ओढून काढण्याचं तंत्र, म्हणजे लायपोसक्शन आलं. हे सगळं ऑपरेशन मग समुद्रकिनारा आणि मासिकांच्या मुखपृष्ठांशी जोडलं गेलं, त्याला 'टमी टक' म्हणू लागले आणि मूळची रुग्ण मागं पडली. ती परत आली १९९० च्या दशकात. दुर्बिणीतून बेरिअॅट्रिक सर्जरी होऊ लागली आणि शंभर किलो उतरवलेली माणसं सर्जनसमोर उभी राहिली. त्यांची कातडी फक्त पुढून नव्हे, चहूबाजूंनी सैल होती. कमरेभोवती पूर्ण वेढा घालून कातडी काढण्याची आणि त्वचेखालच्या मजबूत थराला टाके घालून सगळं वर ओढून धरण्याची पद्धत याच दशकात पक्की झाली.

इथं दोन ऑपरेशनांतला फरक सांगून ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. एकात फक्त लोंबणारा पडदा कापतात. स्नायूंना हात लावत नाहीत, बेंबीचं फारसं काही करत नाहीत. इंग्रजीत याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. दुसऱ्यात कातडी काढतात, स्नायू शिवतात, बेंबी नव्या जागी आणतात. ही अॅब्डोमिनोप्लास्टी, लोकांच्या तोंडची टमी टक. पहिलं त्रासासाठी आणि दुसरं आकारासाठी, अशी ढोबळ वाटणी आहे. प्रत्यक्ष टेबलावर ती इतकी स्वच्छ राहत नाही. बेंबीचा हर्निया असला तर तो त्याच भुलीत दुरुस्त होतो, त्यासाठी स्नायूही शिवावे लागतात. छेद एकच, भूल एकच, पण बिलं दोन: हर्नियाचं मंजूर, कातडीचं नामंजूर.

सोलापुरात हा त्रास कसा दिसतो ते सांगितल्याशिवाय कलमांची चर्चा कोरडी राहील. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो. पोटाची घडी जांघेवर येऊन बसलेली असते, आत हवा नाही, घाम वाळत नाही. आधी लाली, मग खाज, मग बुरशी, मग कातडी फाटून पाणी सुटतं आणि वास येऊ लागतो. बायका जुन्या पंचाचा किंवा टॉवेलचा तुकडा चौपदरी घडी करून त्या खोबणीत घालून ठेवतात आणि दुपारपर्यंत दोनदा बदलतात. परकराची नाडी नेमकी त्याच रेषेवर काचते. जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची घडी तर सुटतच नाही. मलमानं चार दिवस बरं वाटतं, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या मिश्र मलमांनी बुरशी उलट चिवट होते. मधुमेह असेल तर एखाद्या उन्हाळ्यात त्या चिरेतून जंतू खोल जातात, पोट लाल, गरम, टणक होतं आणि सलाइनमधून अँटिबायोटिक द्यायला भरती करावं लागतं.

ही भरती विमा कंपनी मंजूर करते. कारण काढून टाकणारं ऑपरेशन मंजूर करत नाही.

'कॉस्मेटिक' कशाला म्हणायचं याची एक व्याख्या आधी करात सापडते. २००९ च्या सप्टेंबरपासून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीवर सेवाकर लागू झाला. त्यात सूट कुणाला, तर जन्मजात दोष, वाढीतली विकृती, झीज होणारे आजार, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करणाऱ्या ऑपरेशनला. २०१२ मध्ये नवी सूट-यादी आली तेव्हा त्या वाक्यातले झिजेचे आजार गळले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेच वाक्य जवळपास जसंच्या तसं पुढं आलं; बाहेर राहिलेल्या ऑपरेशनवर १८ टक्के. आता वजन उतरल्यानंतरची कातडी या वाक्यात बसवून पाहा. ती जन्मजात नाही, वाढीतली विकृती नाही, इजा नाही, आघात नाही. वर्षानुवर्षं ताणून त्वचेतले तंतू तुटले, ते व्यायामानं किंवा तेल चोळून परत येत नाहीत, हे वैद्यकशास्त्र सांगतं. पण तंतू तुटणं हा करविभागाच्या शब्दांत कुठला प्रकार आहे, हे कुणीच लिहून ठेवलं नाही.

मग विमा. २०१९ पर्यंत प्रत्येक कंपनीची वगळण्याची यादी वेगळी होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये विमा नियामकानं सगळ्यांसाठी एकच शब्दरचना ठरवून दिली. हे काम मोलाचं होतं, यात शंका नाही. त्या यादीतलं सहावं कलम लठ्ठपणाचं. त्यानुसार बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल आणि इतर उपाय थकले असतील, तर ऑपरेशन भरपाईत धरायचं. (भारतीयांच्या अंगात कमी वजनालाच मधुमेह शिरतो, म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्येच ३७.५ आणि ३२.५ अशा खालच्या मर्यादा सुचवल्या होत्या. पॉलिसीनं त्या घेतल्या नाहीत. त्यामुळे ३८ बीएमआयच्या, इतर आजार नसलेल्या माणसाला डॉक्टर ऑपरेशन सुचवू शकतो, पण खर्च त्याच्याच खिशातून.)

दोनच कलमं खाली, आठव्यात, कॉस्मेटिक सर्जरी. रूप बदलण्यासाठीचा कोणताही उपचार भरपाईबाहेर. अपवाद अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरनं प्रमाणित केलेली हवी.

भांडण आहे ते 'थेट आणि तात्काळ' या दोन शब्दांशी. घडीतली बुरशी थेट आहे, हे मान्य करायला कुणाला अडचण नसावी. पण तीन उन्हाळे चिघळत राहिलेली जखम तात्काळ कशी म्हणायची? ती तात्काळ होते तेव्हा रुग्ण तापानं फणफणून भरती असतो, आणि जंतुसंसर्ग असताना हे ऑपरेशन करताच येत नाही. संसर्ग ओसरला की ऑपरेशन करता येतं, पण तेव्हा धोका तात्काळ राहिलेला नसतो. म्हणजे कलम शब्दशः वाचलं तर पात्र ठरण्याचा क्षण आणि टेबलावर जाण्याचा क्षण कधी एकत्र येतच नाहीत. शिवाय प्रमाणपत्र देणारा उपचार करणारा डॉक्टर आणि ते वाचून नाही म्हणणारा टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, कार्यालयातला डॉक्टर, यांत वरचढ कोण, हे कलमात स्पष्ट नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. दार सताड उघडलं तर बाळंतपणानंतर सुटलेलं प्रत्येक पोट क्लेम घेऊन येईल आणि हप्ता सगळ्यांचाच वाढेल, ही भीती खरी आहे. आणि २०१९ च्या आधी कित्येक पॉलिसींत हे ऑपरेशन सरसकट बाद असायचं. आता निदान अपवादाची फट तरी आहे. पण भीतीवर उपाय दार बंद करणं नव्हे, मोजमाप लिहिणं. अमेरिकेतल्या विमा कंपन्या काही उदार म्हणून प्रसिद्ध नाहीत, तरी त्यांच्याकडे पडदा किती खाली येतो याचे टप्पे ठरलेले आहेत: पहिला जांघेच्या केसांच्या रेषेपर्यंत, पाचवा गुडघ्यापर्यंत. पडदा ठरावीक रेषेखाली येत असेल, उपचार करूनही पुरळ तीन-तीन महिने हटत नसेल, वजन सहा महिने स्थिर असेल आणि फोटो जोडलेले असतील, तर फक्त पडदा काढण्याचं ऑपरेशन मंजूर होऊ शकतं. स्नायू घट्ट करायचे असतील तर ते स्वतःच्या पैशांनी. यात लबाडीला जागा कमी आणि खऱ्या रुग्णाला वाट आहे. आपल्याकडे सहाव्या कलमात बीएमआयचा आकडा लिहिता आला, मग आठव्यात सेंटिमीटर लिहिणं अवघड का असावं?

सरकारी योजनेकडे या बाबतीत सोलापूरची नजर लवकर गेली. २०१२ च्या जुलैमध्ये राज्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. पुढं तिचं नाव बदललं, रक्कम वाढली. पण ती चालते यादीवर. यादीत नाव असलेलं ऑपरेशन मोफत, नसलेलं नाही. थेट-तात्काळचा वाद तिथं उद्भवत नाही आणि डॉक्टरला पटवून देण्याची संधीही नाही.

ऑपरेशन स्वतः हलकं नाही, हेही सांगायला हवं. बेरिअॅट्रिकनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात. वजन काही महिने स्थिर लागतं, आणि रक्तातलं लोह, बी-१२, प्रथिनं भरून घ्यावी लागतात, नाहीतर टाके धरत नाहीत. आत पाणी साचू नये म्हणून नळ्या राहतात, कमरेला पट्टा आठवडेच्या आठवडे असतो, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी चालवतात. तंबाखू बंद. इथं आपल्या भागातली एक गोष्ट डॉक्टरांनी मुद्दाम विचारावी. "सिगारेट, तंबाखू?" असं विचारलं की बायका खरेपणानं नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखूत येतच नाही. पण मिश्रीतल्या निकोटिननंही त्वचेच्या कडेचा रक्तपुरवठा आखडतो आणि टाक्यांची कड काळी पडू शकते. "सकाळी दात कशानं घासता?" हा प्रश्न जास्त उपयोगी.

२०२५ पासून चित्र पुन्हा हललं आहे. मार्चमध्ये टिर्झेपटाइडची आणि जूनमध्ये वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं भारतात अधिकृतपणे विक्रीला आली. ज्यांनी कधी जठराला हात लावू दिला नसता तेही वीस-पंचवीस किलो उतरवू लागले. त्यांची कातडीही सैल होते. सर्जनपुढचे प्रश्न मात्र नवे आहेत. औषध थांबलं की वजन पुन्हा चढू शकतं, मग स्थिर वजन कशाला म्हणायचं? ही औषधं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, म्हणून भुलीआधी किती उपाशी ठेवायचं तेही भूलतज्ज्ञाला ठरवावं लागतं. विम्याच्या बाजूनं पाहिलं तर यांची फाइल आणखी पातळ. बेरिअॅट्रिकच्या रुग्णाकडे निदान आधीचं डिस्चार्ज कार्ड असतं, सहाव्या कलमाखाली मंजूर झालेला क्लेम असतो. इंजेक्शनवाल्याकडे औषधाच्या पावत्या असतात, त्याही जपून ठेवल्या असतील तर.

नकार आलेल्यांसाठी आज दोन दारं आहेत. २०२४ च्या मे महिन्यातल्या नियमानुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, त्यामुळे कारण लेखी आणि कलमासह मागता येतं. तिथंही पटलं नाही तर विमा लोकपाल. सोलापूर जिल्ह्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, तक्रारीला फी नाही आणि मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष. तिथं बोलतात ते कागद: त्वचारोगतज्ज्ञाचे तारखेनिशी केस पेपर, प्रत्येक उन्हाळ्यातल्या उपचाराच्या चिठ्ठ्या, भरती झाली असल्यास ते डिस्चार्ज कार्ड, उभं राहून समोरून आणि बाजूनं काढलेले फोटो, आणि सर्जनच्या सल्लापत्रावर 'टमी टक' असं मोघम न लिहिता नेमकं काय काढायचं आणि का, याची नोंद.