खऱ्या केसांचा ब्रश प्रत्येक रंगाला चालतो का?

"घर रंगवायचं तर खऱ्या केसांचाच ब्रश घ्या, नायलॉनचा म्हणजे हलका माल," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो निराधार नाही. घरोघरी ऑइल पेंट वापरला जायचा तेव्हा तो बरोबरच होता.

हे केस बहुधा डुकराचे असतात आणि त्यांची टोकं निसर्गतःच फाटलेली असतात. त्यामुळे दाट ऑइल पेंट त्यांत धरून राहतो आणि दारा-खिडक्यांवर एकसारखा बसतो. पण केस पाणी पितात, आणि भिंतींचा इमल्शन रंग असतो पाण्यातला. त्यात हा ब्रश हळूहळू फुगतो, लुळा पडतो, मग छताजवळची कड काही केल्या सरळ येत नाही. नायलॉन-पॉलिस्टरचे तंतू पाणी कमी शोषतात, म्हणून त्यांचा आकार टिकतो.

घरी पडताळून पाहा. दोन्ही प्रकारचे ब्रश 15 मिनिटं पाण्यात ठेवा, झटका आणि बोटाने वाकवा. फरक हाताला कळेल. ब्रश कशाचा आहे अशी शंका असेल तर एक केस चिमट्यात धरून जपून जाळा. खरा केस जळक्या केसांसारखा वास देतो आणि त्याची राख चुरगळते. कृत्रिम तंतू वितळून त्याची कडक गोळी होते.

अर्थात कृत्रिम ब्रशही सगळेच चांगले नसतात. टोकं बारीक चिरलेली हवीत, वाकवून सोडल्यावर तंतू लगेच सरळ व्हायला हवेत, आणि हलकं ओढल्यावर ते हातात येता कामा नयेत.