सावलीही तापते

मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर तापमान ५६ अंशांवर गेल्याची बातमी आली आणि व्हॉट्सॲपवर एकच गहजब उडाला. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाने केला, पण नागपूरकरांचं काही समाधान झालं नाही. 'आमच्या मागच्या अंगणात येऊन बसा, छप्पन्न काय अन् साठ काय!' असं तेव्हा जो तो म्हणत होता. त्यात अतिशयोक्ती होती, पण निव्वळ थाप नव्हती. भर दुपारी टिनाच्या शेडखाली बसलेल्या माणसाला जो ताप होतो, त्यातला बराच भाग हवेच्या तापमानात मोजलाच जात नाही.

हवेचं तापमान मोजतात ते सावलीत, आणि तीही साधीसुधी सावली नव्हे. हवामान केंद्रांच्या आवारात पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी पाहिली असेल. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हा एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश अभियंता, मूळचा दीपगृहं बांधणारा. पेटीच्या चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या असतात, त्यामुळे ऊन आत शिरत नाही, वारा मात्र आरपार जातो. छप्पर दुहेरी, मध्ये हवेची फट. आतल्या तापमापकावर ऊन पडू नये आणि तापलेल्या छपराची धगही लागू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. आपण अंगणात शेड टाकतो तेव्हा नेमकं याच्या उलट करतो. एकेरी टिन, वरून निळा नाहीतर लाल रंग, एक बाजू घराच्या भिंतीला चिकटलेली आणि जमलं तर आणखी एक बाजू बंद.

टिनाखाली होतं काय, ते पाहू. मे महिन्यात दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला जवळजवळ १००० वॅट ऊर्जा येते. ती शोषून पत्रा सहज ६५ अंशांवर जातो. प्रत्येक तापलेली वस्तू अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण बाहेर टाकते, आणि किती टाकते ते केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. ६५ अंश सेल्सिअस म्हणजे ३३८ केल्विन. गणित केलं तर उत्तर येतं दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट. हेच छत हवेइतकं, म्हणजे ४३ अंशांवर राहिलं असतं तर आकडा ५६५ च्या आसपास असता. फरक १७५ वॅटचा. (रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा याहून थोडं कमी फेकतो, पण फार नाही.) थोडक्यात, बाहेरच्या कडक उन्हाचा साधारण सहावा हिस्सा आपण अदृश्य रूपात डोक्यावर टांगून ठेवतो आणि त्याला सावली म्हणतो. पंख्याने हा ताप टळत नाही. किरणांना हवा हलते की नाही याच्याशी काही कर्तव्य नसतं.

आता याच अंगणाच्या कोपऱ्यातला कडुलिंब बघा. ऊन त्याच्यावरही तेवढंच पडतं. त्याच्या खालची हवा पाच-दहा अंशांनी थंड असते असा समज आहे. प्रत्यक्षात तिथल्या आणि शेडखालच्या हवेच्या तापमानात फारसा फरक नसतो. फरक असतो तो डोक्यावर जे आहे त्याच्या तापमानात. कडुलिंबाची पानं हवेपेक्षा थोडीच जास्त गरम असतात. याचं एक कारण शाळेत शिकलेलं, बाष्पोत्सर्जन. दुसरं, पानं उन्हातल्या अवरक्त किरणांपैकी बराचसा भाग शोषतच नाहीत, परतवून किंवा आरपार सोडून देतात. पण मला सगळ्यात आवडणारं कारण तिसरं आहे, आणि त्याकडे कोणी फारसं बघत नाही. पान लहान असतं.

लहान असण्याने काय होतं? वारा कुठल्याही पृष्ठभागावरून वाहतो तेव्हा पृष्ठभागाला लागून असलेली हवा घर्षणामुळे रेंगाळते. या रेंगाळणाऱ्या थराला सीमास्तर म्हणतात. पृष्ठभागाची उष्णता मोकळ्या वाऱ्यापर्यंत पोचायची तर तिला या थरातून वाट काढावी लागते, आणि साठलेली हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. हा थर वाऱ्याच्या दिशेच्या कडेला जवळजवळ शून्य जाडीचा असतो आणि पुढे पुढे जाड होत जातो, अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे ५ मीटर लांबीच्या पत्र्याची आणि ५ सेंटिमीटरच्या पर्णिकेची तुलना केली तर लांबी १०० पट, म्हणून थर सुमारे १० पट जाड, आणि दर चौरस सेंटिमीटरमागे वाऱ्याला दिली जाणारी उष्णता सुमारे दहावा हिस्सा. प्रत्यक्षात मोठ्या पत्र्यावरची हवा खळबळते, तापून वरही उठते, त्यामुळे तफावत दहा पटीहून कमी भरते. पण दिशा तीच. पान संपतं तिथे थरही संपतो, आणि पुढच्या पानावर तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. झाड म्हणजे अशा हजारो नव्या सुरुवाती.

क्योटो विद्यापीठातले सातोशी साकाई यांनी याच तत्त्वावर कृत्रिम छत तयार केलं. सिएरपिन्स्की या पोलिश गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक आकृती आहे. चतुष्फलकात, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीत, लहान चतुष्फलक, त्यात आणखी लहान, असं चालू राहतं. तिच्या आधाराने मांडलेले छोटे छोटे तुकडे मिळून वरून येणारं ऊन अडवतात, वारा मात्र सगळीकडून वाहत राहतो. त्या छताला ना पाणी लागतं ना वीज, तरी ते हवेच्या तापमानाजवळ राहतं.

आपल्याकडे हेच काम हिरवी नेट करते, कोणी तसं ठरवलेलं नसताना. उन्हाळ्यात नागपुरात सिग्नलवर ती लावतात, ती याच अर्थाने शहाणपणाची गोष्ट. नेटची पट्टी दोन-तीन मिलिमीटर रुंद, म्हणजे पानाहूनही बारीक. ती फार तापूच शकत नाही. दुकानदार मात्र सांगणार, 'काका, हिरवीच घ्या, हिरवा रंग थंड असतो.' रंग थंड नसतो. उन्हातली निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. त्या भागाचं काय होतं ते हिरवेपणा बघून कळतच नाही. उलट काळी नेट ऊन जास्त पक्कं अडवते आणि टिकतेही जास्त. प्लॅस्टिकमधल्या कार्बनच्या लांब साखळ्या अतिनील किरणांनी तुटतात. तुटलेल्या टोकाला ऑक्सिजन चिकटतो, ते टोक शेजारच्या साखळीवर हल्ला करतं आणि हे लोण पसरत जातं. काळ्या नेटमधली कार्बनची काजळी अतिनील किरण आधीच गिळते. स्वस्तातल्या हिरव्या नेटमध्ये अशी कसलीच भर नसेल तर दुसऱ्या उन्हाळ्यात हाताने चुरगळली तरी तिचा भुसा होतो.

'उष्णतारोधक' रंगांचंही असंच. डब्यावर १०-१५ अंशांचा दावा असतो. तो पत्र्याच्या पृष्ठभागाचा की खालच्या हवेचा, हे विचारलं की विक्रेता विषय बदलतो. पांढरा रंग वरून लावला तर पत्रा खरंच बराच कमी तापतो. त्यासाठी महागडं नाव लागत नाही, दरवर्षी धूळ मात्र धुवावी लागते. आणि नवतप्याबद्दल: २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो म्हणून हे नऊ दिवस तापतात, आणि त्यात पाऊस पडला तर पावसाळा बिघडतो, अशी समजूत आहे. रोहिणीचा यात काही हात नाही. याच सुमारास नागपुरात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि पाऊस अजून आलेला नसतो. एवढंच.

ज्यांच्याकडे टिन आधीच आहे त्यांनी ते काढायची गरज नाही. त्याच्या वर वीतभर अंतर सोडून नेट ताणा. ऊन नेट झेलते, मधून वारा जातो, टिन जवळजवळ सावलीत राहतं. स्टीव्हन्सन पेटीचं दुहेरी छप्पर ते हेच. नेट नको असेल तर टिनाच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमचं चकचकीत आवरण लावा. चकचकीत धातू स्वतः तापला तरी अवरक्त किरण फार कमी फेकतो. मात्र त्यावर धूळ किंवा तेलकट थर बसला, की हा गुण गेला.

पश्चिमेचं ऊन हा वेगळाच प्रश्न. मे अखेरीस दुपारी साडेचारला नागपुरात सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो. तीन मीटर उंचीच्या छताची सावली तेव्हा पाच मीटर पूर्वेला सरकलेली असते. चहाच्या वेळी तुमच्या शेडची सावली शेजाऱ्याच्या अंगणात! छत कितीही उत्तम असो, पश्चिमेला बांबूचा पडदा किंवा वेल हवाच.

आणि वादळ. जूनआधीच्या वावधानात ताशी ६० किलोमीटरचा झोत काही विशेष नाही. चार बाय चार मीटरच्या छताखाली असा झोत शिरला तर वर उचलणारा जोर अडीचशे किलोच्या वजनाच्या पुढे जाऊ शकतो. झोत ताशी १२० चा झाला तर दुप्पट नव्हे, चौपट. पत्र्यावर चार विटा आणि एक जुना टायर ठेवून हे भागत नाही, वर त्या विटाच उडून कोणाच्या तरी डोक्यात बसतात. पत्रा जे-हुकने पाइपाला आवळायचा, हुकाखाली रबरी वायसर घालायचा, आणि खांब फरशीवर नुसते न टेकवता काँक्रीटमध्ये गाडायचे. नेटमधून बरीचशी हवा निघून जाते, म्हणून तिच्यावर जोर कमी येतो, पण ती फाटते ती कडेला, गाठीपाशी. चारी कडा दुमडून शिवून घ्या, दर फुटावर पितळी रिंग बसवून घ्या, आणि मृग लागायच्या आत ती उतरवून गुंडाळून ठेवा.