शाया, शाळा आणि संदर्भग्रंथांची यादी

खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘ळ’ जवळजवळ नाहीच. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. सराव पाठाला गेलेल्या छात्राध्यापकाला मुलाच्या वहीत ‘शाया’ दिसलं की तो लाल खूण करतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. गंमत म्हणजे धुळे-अमळनेरकडचा असेल तर तो स्वतःही घरी ‘शाया’च म्हणतो. ही लाल खूण त्याला कुणी शिकवली हे बघायचं, तर त्याच्या हातातल्या अध्यापक-प्रशिक्षणाच्या पुस्तकाच्या बरंच मागे जावं लागतं.

मास्तरांनाही शिकवून तयार करावं हा विचार सरकारी धोरणात पक्का झाला तो १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे ब्रिटिशकालीन शिक्षणधोरणाच्या पत्रानंतर. मुंबई इलाख्यात ट्रेनिंग कॉलेजं निघाली. व्हर्नाक्युलर फायनल (मराठी सातवी) झालेला मुलगा तिथं जाऊन ‘ट्रेंड मास्तर’ होऊन परतायचा. काय शिकायचं आणि कोणत्या पुस्तकातून, हे इलाख्याचं शिक्षण खातं ठरवायचं. पदवीधर मास्तरांची वाट आणखी लांबची होती. मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघालं, म्हणजे खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले त्याच साली. पुण्याचं टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१चं. ‘बी.टी.’ (आजचं बी.एड.) करायचं तर चोपड्याच्या माणसाला वळकटी बांधून गाव सोडावं लागे. पुढं १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आलं आणि खानदेशातली कॉलेजं त्याला जोडली गेली. वाट थोडी जवळ आली, पण अभ्यासक्रम घाटावरूनच उतरत राहिला.

मध्येच एक वेगळं वळण आलं होतं. काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला भरलं. वर्ष उलटायच्या आत वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या ‘नयी तालीम’ची मांडणी झाली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. मग ट्रेनिंगला जाणाऱ्या मास्तरांच्या हातात टकळी आली, मूलोद्योग, म्हणजे सूतकताईसारखा हाताचा धंदा, हा अभ्यासाचा विषय झाला. कापसाच्या मुलखातल्या माणसाला सूत काय ते वेगळं सांगायला नको होतं. इथल्या जगण्याशी थेट नातं सांगणारा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम म्हणाल तर माझ्या मते तोच. पण तो टिकला नाही. टकळ्या कपाटात गेल्या आणि हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ घेण्याच्या ठरीव पाच पायऱ्या, जागेवरच राहिली.

पुढं दोन रस्ते फुटले. प्राथमिकचं प्रशिक्षण (आधी पी.टी.सी., मग डी.एड., आता डी.एल.एड.) राज्य सरकारच्या हातात राहिलं आणि अभ्यासक्रम सगळ्या महाराष्ट्राला एकच झाला. बी.एड. विद्यापीठांकडे गेलं. सत्तरच्या दशकात उद्दिष्टांची भाषा आणि सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोट्या पाठातून सराव, आलं. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला जन्मली. आमच्याकडे तिचे तक्ते झाले. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर मुलांच्या जागी बसलेले सोबती, मागे निरीक्षक खुणा करतोय : प्रश्न किती विचारले, फळा कसा वापरला, हालचाल किती केली. मूल घरी कोणती बोली बोलतं यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता.

महाराष्ट्रातल्या बी.एड.मध्ये रुजलेली ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ मला त्या मानानं कामाची वाटते. शिकवायचं कसं हे कोरडं न सांगता शाळेचंच पाठ्यपुस्तक फोडून बघायचं. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली होती, त्यामुळे सगळ्यांपुढे पुस्तक एकच होतं. अडचण पुढची : बालभारतीचं पुस्तक बदललं की त्यावर बेतलेली आशययुक्तची पुस्तकं एका जूनमध्ये शिळी होतात, पण ग्रंथालयातून हलत नाहीत.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या आणि लेवा गणबोलीत ओव्या रचणाऱ्या बाईचं. पहिल्यांदाच खानदेशाला स्वतःचं अभ्यास मंडळ मिळालं. विषयाचा मसुदा मंडळ करतं, तो विद्याशाखेतून विद्वत परिषदेत जातो, आणि प्रत्येक घटकाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी जोडलेली असते. खरी मेख या यादीत आहे. यादी जळगावची, पुस्तकं बहुतेक पुण्याची. तो काही कुणाचा डाव नव्हता. तीन जिल्ह्यांपुरता ग्राहक धरून पुस्तक छापणं प्रकाशकाला परवडत नाही. चार विद्यापीठांत खपेल असं पुस्तक लिहायचं म्हटलं की आधी गळतं ते स्थानिक उदाहरण. पुढं विनाअनुदानित कॉलेजांची लाट आली आणि यादीतले ग्रंथ बाजूला पडून गाइडं पुढं सरकली.

तोवर सूत्रं दिल्लीकडे गेली होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद १९७३ पासून नुसती सल्ला द्यायची. १९९३च्या कायद्यानं १९९५ पासून तिला अधिकार आले. शिक्षक-प्रशिक्षणाची पाहणी करणाऱ्या न्या. जे. एस. वर्मा आयोगानंतर २०१४चे नियम आले आणि २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतला छात्रसेवाकाल (इंटर्नशिप) वीस आठवड्यांचा. प्रकाशकांनी घाई केली. एका ग्रंथालयात मी एकाच लेखकाची २०१५च्या आधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून पाहिली. मुखपृष्ठ नवं, शीर्षक नव्या पेपरचं. आत सहा प्रकरणं तीच, एका जागी तर छपाईची चूकही तीच.

तरी दोन वर्षांच्या बी.एड.च्या त्याच आराखड्यात एक फट होती. सगळ्या विषयांतून भाषा कशी वावरते यावर एक स्वतंत्र पेपर आला. मुलाची घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतलं अंतर हा त्याचा गाभा. हा पेपर खानदेशासाठीच काढला असावा असं वाटावं. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, शिवाय भिली, आणि शहाद्याकडे गुजरीसुद्धा. तिथं छात्रसेवाकालाला गेलेल्याला ‘शाया’ची अडचण किरकोळ वाटते, पहिलीतल्या पोराला ‘खाली बस’ म्हटलेलंही कळेल की नाही इथून सुरुवात असते.

या पेपरची मराठी पुस्तकं मी चाळली. बहुभाषिक वर्ग समजावताना ती मुंबईतल्या हिंदी-गुजराती मुलांची उदाहरणं देतात. पावरीचं एकही नाही. अहिराणीचा एका पुस्तकात उल्लेख सापडला, ‘प्रमाण उच्चारातील अडथळे’ या मथळ्याखाली.