ठरावाची प्रत हवी की इतिवृत्ताची?

ठाण्यात पाचपाखाडीला किंवा नवी मुंबईत बेलापूरला महापालिकेच्या सचिव विभागात येणारा नागरिक बहुतेक वेळा एकच मागणी घेऊन येतो: “आमच्या उद्यानाचा विषय सभेत पास झालाय, त्याची कॉपी द्या.” टेबलापलीकडून त्याला ठरावाची प्रत मिळते. पान-दीड पान. घरी येऊन वाचली की कळतं, विरोध कोणी केला, प्रशासनाने काय उत्तर दिलं, प्रस्तावातली तीन वर्षं ठरावात पाच कशी झाली, यातलं काहीच त्यात नाही. ते सगळं इतिवृत्तात असतं. उलटही घडतं. कोणी सभेचं जाडजूड इतिवृत्त वकिलापुढे टाकतो आणि वकील विचारतो, “ठराव क्रमांक कुठेय?”

दोन्ही कागद एकाच सभेतून निघतात आणि एकाच सचिवाच्या ताब्यात असतात, म्हणून गल्लत होते. कामं मात्र दोघांची अगदी वेगळी.

ठराव हा सभागृहाचा निर्णय. महापालिका ही संस्था ठरावातूनच बोलते. महापौरांनी भाषणात दिलेलं आश्वासन किंवा आयुक्तांनी उभं राहून “बघतो, करून घेतो” म्हटलेलं वाक्य, यांना ठरावाचं वजन नसतं. ठरावाला क्रमांक असतो, तारीख असते, विषय असतो, सूचक-अनुमोदक (ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा) असतात आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’ असा शेरा. फाइल पुढे सरकते ती या क्रमांकावर. निविदा, करार, शासनाला पाठवायचा प्रस्ताव, सगळीकडे तोच लागतो.

इतिवृत्त ही त्या सभेत काय घडलं याची नोंद. कोण हजर होतं, कोणता विषय कधी आला, कोणी हरकतीचा मुद्दा घेतला, कोणाची उपसूचना (प्रस्तावात सुचवलेला बदल) स्वीकारली, कोणाची फेटाळली, सभा कशासाठी तहकूब झाली. त्यात ठरावही येतात, पण त्यांच्या आजूबाजूला काय झालं तेही येतं.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. जुन्या कागदांवर ‘मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम’ असं दिसेल. कायदा तोच, नाव बदललंय. सभांचे नियम या अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’मधल्या प्रकरण २ मध्ये आहेत. दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा, तीही २० तारखेपर्यंत, हे तिथलंच. उपस्थित सदस्यांची नावं आणि कामकाज वहीत नोंदवायचं आणि पुढच्या सभेत पीठासीन अधिकाऱ्याने त्यावर सही करायची, हेही तिथेच.

या सहीपाशी सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सुरुवातीलाच ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा विषय असतो. अनेकांना, आणि त्यांत काही नगरसेवकही आले, असं वाटतं की इतिवृत्त कायम होईपर्यंत ठराव कच्चा असतो. तसं नाही. सभागृहाने मंजूर केला तेव्हाच ठराव झाला. इतिवृत्त कायम करताना सभागृहाला विचारलं जातं ते एवढंच, की मागच्या वेळी जे घडलं ते बरोबर लिहिलंय ना? निर्णय पुन्हा मंजूर करायचा नसतो. म्हणून त्या वेळी “मी विरोध नोंदवला होता, तो इथे दिसत नाही” असं म्हणता येतं. “आता मला हा ठराव मान्य नाही” असं म्हणून ठराव फिरवता येत नाही. ठराव बदलायचा तर नव्याने रीतसर ठराव आणावा लागतो, आणि पहिला मंजूर होऊन तीन महिने झाले नसतील तर कायद्याने त्यासाठी अटी कडक ठेवल्या आहेत.

मग गैरसमज आला कुठून? प्रशासनाच्याच सवयीतून. नोंद पक्की झाल्याशिवाय पाऊल टाकायला अधिकारी बिचकतात, कारण उद्या ठरावाच्या शब्दांवरून वाद झाला तर सही त्यांची असते. म्हणून घाईच्या विषयांत ‘इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करण्यात यावी’ असं वाक्य ठरावातच घालून घेतात. हे वाक्य वारंवार वाचून लोकांना वाटतं की बाकीच्या ठरावांना वाट पाहावीच लागत असेल. खरं तर ती खबरदारी आहे. तिच्यामुळे निर्णय जास्त पक्का होत नाही आणि ती नसली म्हणून कच्चा राहत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोपरखैरणेतलं एक उद्यान देखभालीसाठी एखाद्या संस्थेला द्यायचंय. प्रशासनाचा गोषवारा, म्हणजे सभेपुढे ठेवलेला लेखी प्रस्ताव, येतो: तीन वर्षं, प्रवेश मोफत, आत दुकान नाही. सभेत एक उपसूचना येते: मुदत पाच वर्षं करा आणि खाद्यपदार्थांच्या एका स्टॉलला परवानगी द्या. दोघे-तिघे विरोध करतात, थोडा गोंधळ होतो, मग ‘मंजूर, मंजूर’ अशा आवाजात विषय निघून जातो. ठरावात लिहिलं जाईल ते पाच वर्षं आणि स्टॉल. गोषवाऱ्यात काय होतं ते ठरावावरून कळणार नाही. फरक कोणामुळे पडला हे तर नाहीच. ते पाहायचं तर गोषवारा, इतिवृत्त आणि ठराव हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. माझ्या मते नागरिकाच्या दृष्टीने सगळ्यात बोलका कागद इतिवृत्त, आणि सगळ्यात कमी मागितला जाणाराही तोच. आयत्या वेळच्या विषयांत तर त्याला पर्याय नाही, कारण ते विषय आधी पाठवलेल्या पत्रिकेत नसतातच.

शासनाचा हात कुठवर पोहोचतो, यावरूनही दोघांतला फरक कळतो. अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन महापालिकेचा बेकायदा, अधिकाराबाहेरचा किंवा निधीची नासाडी करणारा ठराव आधी निलंबित करू शकतं आणि महापालिकेचं म्हणणं ऐकून विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. विखंडित होतो तो ठराव. इतिवृत्त विखंडित होत नाही. एखादा ठराव मंत्रालयातून रद्द होऊन आला, तरी त्याला सूचक कोण होतं आणि विरोधात कोण बोललं होतं, हे वहीत तसंच राहतं.

प्रशासकांच्या काळात हे सगळं चित्र विचित्र झालं होतं. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते. महासभा (सगळ्या नगरसेवकांची सभा) आणि स्थायी समिती, दोघांचे अधिकार प्रशासकाकडे होते, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. आयुक्त म्हणून प्रस्तावावर सही करणारा आणि प्रशासक म्हणून तो मंजूर करणारा माणूस एकच. त्यामुळे या वर्षांतले प्रशासकीय ठराव क्रमांकासह मिळतील, पण नगरसेवकांची चर्चा शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण ती झालीच नाही. अशा ठरावामागचं कारण शोधायचं तर विभागाची टिप्पणी मागावी. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहं पुन्हा भरली, तेव्हा आता इतिवृत्तालाही पुन्हा अर्थ आलाय.

आता मागायचं कसं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख)(आठ) नुसार आपल्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात का, हे प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. आधी संकेतस्थळ बघावं. तिथे नसेल तर दहा रुपयांचा अर्ज आहेच. प्रतीला पानामागे दोन रुपये. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमबदलानंतर एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आली, म्हणून मोघम लिहून चालत नाही. ‘अमुक तारखेच्या महासभेतील विषय क्रमांक अमुकचा गोषवारा, त्यावरील ठरावाची प्रमाणित प्रत आणि त्या विषयापुरता इतिवृत्ताचा उतारा’ असं लिहिलं की पळवाट उरत नाही. सभा महासभेची होती की स्थायी समितीची, हे आधी पक्कं करा. दोघांचे ठराव क्रमांक वेगळे चालतात, आणि चुकीच्या सभेचं नाव लिहिलं तर ‘असा ठराव आढळत नाही’ हे उत्तर खरंच असतं.

इतिवृत्त अजून कायम झालं नसेल तर तेच कारण देऊन अर्ज फेटाळला जातो. तेव्हा मसुदा मागावा. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८ मधल्या अपवादांच्या यादीत ‘कायम न झालेले इतिवृत्त’ असा अपवाद नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ.

राहिला प्रश्न जुन्या कागदांचा. आपल्याकडे सरकारी दप्तराची वर्गवारी अ, ब, क, ड अशी होते: ‘अ’ कायमचं, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ एक वर्ष. ठराव आणि इतिवृत्ताच्या वह्या साधारणपणे कायम जतन करायच्या वर्गात येतात. त्या विषयावरचा पत्रव्यवहार मात्र खालच्या वर्गात जाऊन नष्टही झालेला असू शकतो. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार ‘नष्ट केला’ हे उत्तर पटण्याजोगं असतं. नष्ट केल्याच्या यादीची प्रत तेवढी मागून घ्यावी. त्याच काळातलं इतिवृत्त ‘सापडत नाही’ हे उत्तर मात्र सोडून द्यायचं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख नियमबाह्य नष्ट करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अपिलात या कायद्याचा उल्लेख करून, वही शोधावी आणि खरंच गहाळ असेल तर जबाबदारी निश्चित करावी, अशी स्पष्ट मागणी लिहावी.