बाजारभाव-माहितीचे प्रमाणीकरण (मराठवाडा)

मालाचा भाव नोंदवताना त्याच्यासोबत माप, प्रत, ओलावा, ठिकाण, दिनांक आणि चलन या गोष्टी ठरलेल्या एकाच रीतीने नोंदवण्याची व्यवस्था. अशी नोंद असेल तरच एका गावचा भाव दुसऱ्या गावच्या किंवा गेल्या वर्षीच्या भावाशी ताडून पाहता येतो. नोंदणी, पडताळणी आणि प्रसारण ही कामे यंत्राकडे सोपवली की त्याला स्वयंचलन म्हणतात. दोन्ही संज्ञा शेअर बाजाराच्या संदर्भात अधिक रुळल्या आहेत. मराठवाड्यात मात्र त्यांचा कस मोंढ्यात लागतो. मोंढा म्हणजे घाऊक धान्यबाजार. शब्दाचा वापर बऱ्याच अंशी जुन्या हैदराबाद राज्याच्या मराठी मुलखाशी जुळतो. सिकंदराबादेतील ‘मोंडा मार्केट’ हे नावही याच कुळातले दिसते. त्यामुळे हा शब्द ‘मंडई’चा स्थानिक उच्चार मानण्यापेक्षा निजामी अमलातील व्यापाराबरोबर पसरलेला मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

समभाग बाजारातील पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमध्ये १८६७ साली तारेवर चालणारे भावयंत्र (टिकर) आले आणि भाव बाजाराच्या इमारतीबाहेर त्याच क्षणी पोहोचू लागला. भारतात राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे पडद्यावरील सौदे सुरू केले. मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये रिंगणातील आरडाओरड थांबवून संगणक स्वीकारला. प्रत्येक रोख्याला आयएसआयएन हा बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळाला. सौद्यांचे संदेश कोणत्या साच्यात पाठवायचे हे ठरवणारी ‘फिक्स’ ही संदेशप्रणाली १९९२ पासून आकाराला आली. या क्षेत्रात स्वयंचलन इतके वेगाने झाले याचे कारण समभागाच्या स्वरूपात आहे. समभागाला प्रत नसते. एका कंपनीचा एक समभाग त्याच प्रकारच्या दुसऱ्यासारखाच असतो. तो भिजत नाही, त्याला माती लागत नाही. सोयाबीनच्या दोन कट्ट्यांबाबत असे म्हणता येत नाही, आणि पुढचा सगळा विषय या फरकातून निघतो.

नियंत्रित बाजाराचा उगम

नियंत्रणापूर्वी अनेक बाजारांत सौदा ‘हत्ता’ पद्धतीने होई. आडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि खरेदीदार रुमालाखाली हात घेऊन बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असून त्याला आकडा कळत नसे. माहितीच्या दृष्टीने पाहिले तर हत्त्यात भाव ठरतो, पण नोंदला जात नाही. म्हणून उघड लिलावाची सक्ती हा प्रमाणीकरणाचा पहिला टप्पा मानावा लागतो. वजनकाटे आणि संगणक त्यानंतरचे.

ही सक्ती प्रथम कोठे झाली याबद्दल संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. बहुतेक ग्रंथ वऱ्हाडातील कारंजा येथील १८८६ च्या कापूस बाजाराला पहिला नियंत्रित बाजार मानतात. काही जण १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यापासून आरंभ धरतात. कारंजाचा बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने सुरू झाला. त्यातील ‘हैदराबाद’ या शब्दामुळे श्रेय अधूनमधून निजाम राज्याला दिले जाते. ते ग्राह्य वाटत नाही. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटाकडे होता आणि आदेशामागची प्रेरणा मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस मिळावा ही होती. १८८६ ही प्रत्यक्ष बाजाराची आणि १८९७ ही कायद्याची तारीख, असा भेद केला तर वादाचा मोठा भाग मिटतो.

निजाम राज्यातील मराठी जिल्ह्यांना, म्हणजे आजच्या मराठवाड्याला, लागू झालेला कायदा हैदराबाद कृषी बाजार कायदा होय. तो १३३९ फसलीचा (फसली म्हणजे निजाम राज्यातील सरकारी कालगणना) दुसरा कायदा. हैदराबादेतील फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने १३३९ फसलीत १९२९ चे अखेरचे आणि १९३० चे बहुतेक महिने येतात. त्यामुळे दोन्ही सने छापलेली आढळतात. १९३० हे अधिक रूढ असून येथे तेच धरले आहे. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली होती. तिच्यानंतर थोड्याच काळात हा कायदा आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६७ पासून अमलात आल्यावर बाजार समित्या एका छत्राखाली आल्या.

मापे आणि चलन

जुन्या वह्यांतील भाव आजच्या भावाशी जोडताना दुहेरी रूपांतर करावे लागते. धान्य पल्ल्याने विके. पल्ला सामान्यतः १२० शेरांचा. ब्रिटिश प्रमाणित शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, पण गावोगावचा शेर तेवढाच असेल असे नाही. चलनही दोन. राज्याचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. सरकारी दराने हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै म्हणजे कलदार १००; ढोबळमानाने सात हालीला सहा कलदार. वहीत नुसते ‘रु.’ लिहिले असेल तर भावात सुमारे सतरा टक्क्यांची संदिग्धता राहते. आर्थिक इतिहासावर लिहिणाऱ्यांकडून ही चूक वारंवार होते आणि तिची उपेक्षा होऊ नये.

१९५६ च्या प्रमाणित वजने व मापे कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने क्विंटल आला. तरी एकाच पिकात आजही मापे बदलतात. कापूस क्विंटलने विकला जातो, सरकीही क्विंटलने. रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव मात्र ३५६ किलोच्या खंडीवर निघतो आणि गाठ १७० किलोची असते. ही खंडी मूळ मुंबईच्या ७८४ पौंडांची. शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव बुशेलला सेंटमध्ये सांगतात. सोयाबीनचा बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७.२२ किलो, क्विंटलमध्ये साधारण ३.६७ बुशेल बसतात. शिकागोत १,००० सेंट भाव असेल आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर क्विंटलला सुमारे ३,१२० रुपये होतात. भाडे, आयातशुल्क आणि आपल्याकडील पेंडीची मागणी यांचा हिशेब न करता हा आकडा लातूरच्या भावाशेजारी ठेवणे दिशाभूल करणारे आहे.

प्रत आणि ओलावा

तेलप्रक्रिया उद्योगामुळे लातूर परिसरात सोयाबीनचे दोन भाव समांतर चालतात, मोंढ्यातील सौद्याचा आणि कारखान्याचा ‘प्लांट भाव’. दुसरा रोज मोबाईलवरून गावोगाव जातो. तो ‘दहा-दोन-दोन’ या कंडिशनवर असतो, म्हणजे ओलावा १० टक्के, माती-काडी २ टक्के, डागी दाणे २ टक्के. व्यापारी बोलीत ओलाव्याला ‘हवा’ म्हणतात. मोंढ्यात माल जसा आहे तसा पाहून बोली लागते. वानगी हातात घेऊन, दाणा दाताखाली फोडून. (‘वानगी’ म्हणजे नमुना, प्रमाणभाषेत आता तो ‘वानगीदाखल’ या शब्दात उरला आहे.) म्हणून प्लांट भाव आणि मोंढ्याचा भाव यांच्यातील तफावत दिसली की ती सगळी नफेखोरी समजणे चूक, आणि सगळी प्रतीची समजणेही चूक. किती भाग कशाचा हे ओलावा मोजल्याशिवाय कळत नाही.

ओलाव्याची कपात हा सर्वांत वादाचा मुद्दा असल्याने त्याचे गणित येथे दिले आहे. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये कोरडा भाग ८६ किलो असतो. तोच माल १० टक्क्यांवर आणला तर वजन ८६ भागिले ०.९०, म्हणजे ९५.५६ किलो भरते. खरी घट ४.४४ किलो. ‘एकास एक’ कपातीत, म्हणजे जादा ओलाव्याच्या दर टक्क्याला क्विंटलमागे एक किलो या हिशेबाने, ४ किलो धरले जातात. त्यात खरेदीदाराचे किंचित नुकसान आहे. ‘एकास दोन’ लावली तर ८ किलो जातात, म्हणजे खऱ्या घटीपेक्षा ३.५६ किलो अधिक. वाळवणीचा खर्च आणि साठवणुकीतील जोखीम त्यात धरली जाते असे समर्थन होते. पण ती रक्कम वेगळी दाखवावी, वजनात मिसळू नये, हे मत अधिक न्याय्य आहे. वजनात मिसळलेली कपात (कडता) भावाच्या नोंदीत उमटत नाही आणि भाव आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

ओलावामापक पिकानुसार वेगळा जुळवावा लागतो. विद्युत्‌धारकतेवर चालणाऱ्या यंत्राचा आकडा दाण्याचे तापमान आणि भरण्याची घट्टता यांनी हलतो. खरा पडताळा भट्टीत वाळवून वजन करण्याचाच. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला की हा प्रश्न पेटतो. हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. हमीभाव आणि मोंढ्याचा भाव यांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत ही मर्यादा नमूद असणे आवश्यक आहे. बहुधा ती नसते.

हळदीच्या बाबतीत (वसमत, हिंगोली, नांदेड) कांडी (लांबट तुकडे), गोळा (गोल गड्डे) आणि पॉलिश हे प्रतीचे भेद महत्त्वाचे ठरतात.

तीन भाव

राज्याचे पणन मंडळ रोज प्रत्येक समितीची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर देते. केंद्राची ‘अ‍ॅगमार्कनेट’ ही व्यवस्था २००० पासून हेच तीन भाव गोळा करते. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो, सरासरी नव्हे. समजा १०० क्विंटल आवकेपैकी ४० क्विंटल ४,२०० ने, ३५ क्विंटल ४,१५० ने, २० क्विंटल ३,९०० ने आणि भिजलेले ५ क्विंटल ३,१०० ने गेले. सर्वसाधारण दर ४,२०० येईल, भारित सरासरी ४,०६७.५० आणि किमान-कमाल यांचा मध्य ३,६५०. तीन पद्धतींत ५५० रुपयांचे अंतर आहे. लिपिकाने घाईत मध्य काढून भरला, तर पाच क्विंटल भिजक्या मालामुळे सगळ्या बाजाराचा भाव पडलेला दिसतो. म्हणून यंत्रणेत दराच्या एका आकड्याऐवजी प्रत्येक ढिगाची नोंद जावी, हा आग्रह योग्य आहे.

नावे आणि संकेतांक

तक्त्यांत ‘लातूर’ आणि ‘लातूर-मुरुड’, ‘हिंगोली’ आणि ‘हिंगोली-खानेगाव नाका’ अशा स्वतंत्र ओळी येतात. ते योग्यच आहे, कारण मुख्य आवार आणि उपबाजार यांचे भाव वेगळे असतात. अडचण नाव बदलले की येते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावावर आधारलेल्या कोणत्याही माहितीसाठ्यात अशा वेळी जुनी मालिका एका नावाखाली संपते आणि नवी दुसऱ्याखाली सुरू होते. यंत्राला ही दोन वेगळी गावे वाटतात. कंपनीने नाव बदलले तरी समभागाची मालिका तुटत नाही, कारण ती कायम संकेतांकाला बांधलेली असते. मोंढ्यालाही तसाच, नावापासून अलग आणि कधी न बदलणारा अंक हवा. शेतमालाच्या प्रकारांबाबतही हेच. ज्वारीची नोंद कोठे ‘शाळू’, कोठे ‘मालदांडी’, कोठे ‘दादर’, तर कोठे ‘हायब्रीड’ अशी होते. यांतील काही नावे वाणाची, काही हंगामाची. सोयाबीन कोठे ‘पिवळा’, कोठे ‘लोकल’. ‘लोकल’ या शब्दातून दाण्याविषयी काहीच कळत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ अशा रकान्यांत ‘लोकल’ म्हणून गेली, तर तिचे वेगळेपण नोंदीपुरते नाहीसे होते.

संगणकीकरण

१४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजार (ई-नाम) योजनेत फाटकावर नोंद, ढिगाला क्रमांक, प्रयोगशाळेत प्रततपासणी, ऑनलाइन बोली, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन आणि बँकेत रक्कम असा क्रम आखला आहे. या साखळीतील नाजूक कडी तपासणीची. हंगामात सकाळी दोन तासांत शेकडो ढीग उतरतात. प्रत्येकाची वानगी काढून ओलावा, माती आणि डाग मोजायला वेळ आणि माणसे लागतात. तपासणी मागे राहिली की खरेदीदार ढिगाजवळ जाऊन नेहमीसारखा भाव ठरवतो आणि पडद्यावर तोच नंतर भरला जातो. अशी नोंद संगणकात असली तरी स्वयंचलित नव्हे.

वायदे

एनसीडीईएक्स या राष्ट्रीय वायदेबाजारात २००३ पासून शेतमालाचे वायदे, म्हणजे पुढील महिन्यांतल्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, सुरू झाले. त्यात सोयाबीनचे मूळ ठिकाण इंदूर आणि हळदीचे निजामाबाद, म्हणजे मराठवाड्याच्या दोन्ही पिकांचा संदर्भभाव प्रदेशाबाहेर ठरे. तुरीच्या वायद्यांवर जानेवारी २००७ मध्ये बंदी आली. सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे सेबी या बाजार-नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित केले आणि मुदत पुढे वेळोवेळी वाढवली. तूर आणि सोयाबीन या दोन्ही पिकांत त्यानंतर पुढील महिन्यांचा उघड भाव मिळेनासा झाला. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याकडे उरतो तो आजचा प्लांट भाव आणि मोंढ्याचा कालचा सर्वसाधारण दर.