घनावस्था एनएमआर : अणूंमधील अंतराचे मापन

एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांचे रेडिओ-संदेश टिपण्याचे तंत्र) वापरून घन पदार्थातील दोन अणुकेंद्रांचा एकमेकांवर पडणारा चुंबकीय प्रभाव मोजून त्यांच्यातले अंतर काढण्याची पद्धत. क्ष-किरणांनी रचना काढायची तर चांगला स्फटिक लागतो. इथे पूड, काच किंवा प्रथिनांचे तंतूही चालतात.

परिवलन (स्पिन) असलेले अणुकेंद्र हा एक छोटा चुंबकच असतो. शेजारच्या केंद्राजवळचे चुंबकीय क्षेत्र तो किंचित बदलतो. या द्विध्रुवी युग्मनाचे बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ एकमेकांपासून २.५ अँगस्ट्रॉमवर (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार-कोटीवा भाग) असतील, तर युग्मन सुमारे २०० हर्ट्झ भरते; ५ अँगस्ट्रॉमवर ते जेमतेम २५ हर्ट्झ उरते. त्यामुळे या जोडीची मोजपट्टी तिथून पुढे फार लांब जात नाही. पण अंतराच्या घनाचा हाच नियम कामीही येतो : युग्मनात १० टक्के चूक झाली, तरी अंतरात ती ३ टक्क्यांच्या आसपासच उतरते.

जॉर्ज पेक यांनी १९४८ मध्ये जिप्सममधील पाण्याच्या रेणूतले दोन प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रे) १.५८ अँगस्ट्रॉमवर असल्याचे दाखवले. तिथे प्रोटॉनांच्या जोड्या बऱ्यापैकी सुट्या होत्या, म्हणून ते जमले. एरवी असंख्य युग्मने एकमेकांत मिसळतात आणि वर्णपटात नुसता रुंद उंचवटा दिसतो. रेमंड अँड्र्यू (१९५८) आणि अर्विंग लो (१९५९) यांनी स्वतंत्रपणे यावर तोड काढली : नमुना बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या ‘जादुई कोना’त ठेवून गरगरा फिरवायचा. काही मिलिमीटर जाडीची झिरकोनियाची नळी आज सेकंदाला १०,००० फेरे, म्हणजे मिनिटाला ६ लाख फेरे, सहज घेते. रेषा बारीक होतात खऱ्या, पण ज्यावरून अंतर कळायचे ते युग्मनही त्यात पुसले जाते.

ते हवे तेवढेच परत आणण्याची युक्ती टेरी गुलियन आणि जेकब शेफर यांनी १९८९ मध्ये मांडली. तिला ‘रेडोर’ म्हणतात. फेऱ्याच्या एका भागात नायट्रोजनमुळे कार्बनच्या संदेशाची कला (फेज, म्हणजे लहरीची स्थिती) जितकी पुढे सरकते, तितकीच ती उरलेल्या भागात मागे येते, हिशेब शून्य. मध्येच रेडिओ-स्पंद देऊन नायट्रोजनचे परिवलन उलटे केले, की हा हिशेब जुळत नाही आणि कार्बनचा परत उमटणारा संदेश (प्रतिध्वनी) क्षीण होतो. प्रयोग दोनदा करतात, एकदा हे स्पंद देऊन आणि एकदा न देता. दोन्हींतला फरक फेऱ्यांच्या संख्येबरोबर कसा वाढतो, यावरून युग्मन आणि त्यातून अंतर थेट मिळते.

खरी कसोटी नमुना तयार करताना लागते. निसर्गात कार्बन-१३ केवळ १.१ टक्के असतो आणि नायट्रोजन-१५ तर ०.४ टक्क्यांहूनही कमी, म्हणून हे समस्थानिक नेमक्या जागी मुद्दाम बसवावे लागतात. नायट्रोजनची खूण (मुद्दाम बसवलेला समस्थानिक) अर्धवट बसली, तर संदेशातली घट कमी भरते आणि अंतर असते त्याहून जास्त वाटते. शेजारच्या रेणूतला नायट्रोजन मध्ये आला, तर उलटे होते. म्हणून खुणेचे रेणू बिनखुणेच्या रेणूंत मिसळून विरळ करतात. नायट्रोजनच्या जागी फ्लोरीन-१९ घेतला, तर त्याच्या प्रबळ चुंबकत्वामुळे १० अँगस्ट्रॉमपर्यंतही पोहोचता येते.