ओटावाच्या उपनगरातून मतदान आणि उमेदवारी: पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

कॅनडाच्या केंद्रीय निवडणुकीत पहिला प्रश्न पत्त्याचा असतो. तुम्ही नेहमी जिथे राहता, त्या मतदारसंघातच तुमचे मत पडते. २०२५ च्या निवडणुकीपासून संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागा ३३८ वरून ३४३ झाल्या आणि अनेक सीमा सरकल्या. ओटावाच्या नैर्ऋत्येकडचे बारहेवन नेपीयन मतदारसंघात येते, तर स्टिट्सव्हिल आणि मॅनोटिक कार्लटनमध्ये. २८ एप्रिल २०२५ ला नेपीयनमधून लिबरल पक्षाचे नेते, पंतप्रधान मार्क कार्नी निवडून आले. कार्लटनमध्ये विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह यांना लिबरल पक्षाच्या ब्रूस फॅन्जॉय यांनी हरवले. शेजारच्या गल्लीतल्या मित्राच्या मतपत्रिकेवर तुमच्यापेक्षा वेगळी नावे असू शकतात. तेव्हा निवडणुका घेणाऱ्या इलेक्शन्स कॅनडा या संस्थेच्या संकेतस्थळावर पोस्टल कोड टाकून आपला मतदारसंघ आधी पाहून घ्या.

मत कोणाला देता येते?

कॅनडाचे नागरिकत्व हवे आणि मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण हवे. पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा असलेल्यांना मत नाही, मग इथे राहून कितीही वर्षे झालेली असोत. नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला पण शपथ व्हायची आहे, तरीही नाही. मात्र पीआरधारक पक्षाला किंवा उमेदवाराला कायद्याच्या मर्यादेत देणगी देऊ शकतो आणि प्रचारात स्वयंसेवक म्हणून काम करू शकतो. आपल्या लोकांनी हा मार्ग वापरावा असे मला मनापासून वाटते, कारण दारोदार फिरताना परिसराचे प्रश्न जसे कळतात तसे घरात बसून कळत नाहीत.

कॅनडाची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतातला मतदानाचा हक्कही संपतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने तो परत मिळत नाही. गावाकडच्या मतदार यादीत अजून नाव असेल तर ते कमी करून घ्या.

कागदपत्रे: इथेच बहुतेकांची अडचण होते

नाव, फोटो आणि सध्याचा पत्ता असलेले एकच सरकारी ओळखपत्र असेल तर तेवढे पुरे. ओंटारियोत बहुतेकांसाठी ते म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. पण नव्या वसाहतीत घर घेतलेल्या कितीतरी जणांच्या लायसन्सवर जुन्या भाड्याच्या घराचाच पत्ता असतो. घर बदलल्यावर सहा दिवसांत लायसन्सवरचा पत्ता बदलावा, असा प्रांताचा नियमच आहे. तो पाळला की मतदानाचे कामही सोपे होते.

तसे ओळखपत्र नसेल तर दोन कागद दाखवा. दोन्हींवर नाव हवे आणि किमान एकावर सध्याचा पत्ता. घरी पोस्टाने येणारे मतदार माहिती कार्ड यातला एक कागद म्हणून चालते, पण एकटे चालत नाही. त्यासोबत बँकेचे स्टेटमेंट, हेल्थ कार्ड किंवा विद्यार्थ्याचे ओळखपत्र न्या. कॅनडाच्या पासपोर्टवर छापील पत्ता नसतो, म्हणून तोही एकटा पुरत नाही. बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांच्या नावावर विजेचे बिल नसते. त्यांनी भाडेकरार, फोनचे बिल किंवा क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट वापरावे. बिले आणि स्टेटमेंट मोबाईलवर दाखवली तरी चालतात.

यातले काहीच हाताशी नसेल, तर आपली ओळख आणि पत्ता लेखी जाहीर करायचा आणि त्याच मतदान केंद्रातल्या एका ओळखीच्या मतदाराने तुमची हमी द्यायची. त्याची स्वतःची कागदपत्रे पूर्ण हवीत, आणि सर्वसाधारणपणे तो एकाच व्यक्तीची हमी देऊ शकतो. म्हणजे घरातला एक जण आई आणि वडील दोघांचीही हमी देऊ शकत नाही. ज्येष्ठांचे कागद आधीच जमवून ठेवा.

यादीत नाव नसले तरी केंद्रावर नोंदणी होते. मतदान बारा तास चालते, ओटावात सकाळी ९:३० ते रात्री ९:३०. त्या वेळात सलग तीन तास मोकळे मिळण्याचा कामगारांना हक्क आहे. मुख्य दिवसाआधी चार दिवस आगाऊ मतदान असते.

टपाली मतासाठी, म्हणजे स्पेशल बॅलटसाठी, मतदानाच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत अर्ज पोहोचायला हवा. निवडणूक जाहीर झाली तेव्हा तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात असाल तर त्याच दिवशी अर्ज करा. प्रचाराचा काळ ३७ ते ५१ दिवसांचाच असतो आणि भरलेली मतपत्रिका ठरलेल्या वेळेत ओटावाला पोहोचली नाही तर मोजली जात नाही. या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव स्वतः लिहायचे असते, नुसते पक्षाचे नाव लिहून चालत नाही.

उमेदवारी अर्ज

मत देण्यास पात्र असलेला जवळपास प्रत्येक जण उभा राहू शकतो. प्रांतिक विधिमंडळाचे विद्यमान सदस्य, बहुतेक न्यायाधीश आणि तुरुंगात असलेले यांना मात्र मनाई आहे. मतदारसंघात राहण्याची अट नाही. कार्लटनमध्ये हरल्यावर पॉलिएव्ह ऑगस्ट २०२५ मध्ये थेट आल्बर्टातल्या बॅटल रिव्हर-क्रोफुटमधून पोटनिवडणूक जिंकून आले.

अर्जासोबत त्या मतदारसंघातल्या १०० मतदारांच्या सह्या पत्त्यांसह लागतात. काही दुर्गम मतदारसंघांत ५० पुरतात. पैशांचा हिशेब सांभाळणारा अधिकृत प्रतिनिधी आणि लेखापरीक्षक नेमावे लागतात आणि त्यांची लेखी संमती जोडावी लागते. काही सह्या बाद होतात, म्हणून शंभरापेक्षा बऱ्याच जास्त गोळा कराव्यात. अर्ज मतदानाच्या २१ दिवस आधीच्या सोमवारी दुपारी २ पर्यंत द्यायचा असतो. २०२५ मध्ये ती तारीख ७ एप्रिल होती.

पक्षाचे नाव मतपत्रिकेवर हवे असेल तर पक्षाचे मान्यतापत्र लागते, आणि ते पक्ष काढूनही घेऊ शकतो. नेपीयनचे तेव्हाचे खासदार चंद्र आर्य यांची उमेदवारी लिबरल पक्षाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. त्यानंतर तिथे कार्नी उभे राहिले.

भारतात लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराला २५,००० रुपये अनामत भरावी लागते. कॅनडात १,००० डॉलरची अट होती, ती आल्बर्टातल्या न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर गेली. माझ्या मते हा निकाल योग्यच होता, उभे राहण्याचा हक्क खिशावर अवलंबून नसावा. निवडणूक पद्धत बदलावी म्हणून आंदोलन करणाऱ्या एका गटाने या मोकळिकीचा आधार घेत २०२५ मध्ये कार्लटनमध्ये डझनावारी अपक्ष उभे केले. एकूण उमेदवार ९१ झाले आणि मतपत्रिका जवळपास एक मीटर लांब झाली. वयस्कर मतदारांना त्यात हवे ते नाव शोधायला वेळ लागतो. अशा वेळी घरातल्यांनी अधिकृत उमेदवार यादी आधीच संकेतस्थळावर उघडून त्यांना नाव नीट वाचून दाखवावे.